साठ मीटर

शिट्टीबाईंनी गळ्यातली दोरी काढली, शिट्टी सोडवून पर्समध्ये टाकली आणि दोरी भिंतीवरच्या नकाशाला लावली.

नगरपालिकेच्या सभागृहात चहा चालू होता. अर्ध्या तासात नव्या क्रीडा संकुलावर मतदान व्हायचं होतं. शहराच्या पैशातून ते बांधायचं की नाही, यावर दोन वर्षं घरोघरी भांडणं झाली होती. बांधा म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर मुलींच्या शाळेतल्या या क्रीडाशिक्षिका. चार हजार सह्या त्यांनी दारोदार फिरून गोळा केल्या होत्या. त्यामुळे बाई नकाशा कौतुकानं बघताहेत, असंच सगळ्यांना वाटलं.

बाई धावपट्टीच्या आतल्या कडेनं दोरी फिरवत गेल्या. वळणावर चिमटीत धरायची, पुढे सरकवायची. फेरी पुरी झाल्यावर त्यांनी ती नकाशाच्या कोपऱ्यात छापलेल्या मोजपट्टीवर धरली. मग सगळं पुन्हा एकदा केलं, कारण आलेल्या आकड्यावर विश्वास बसेना.

"ही तीनशे चाळीस मीटरच भरते," त्या म्हणाल्या.

शहर अभियंता कप घेऊन जवळ आले. "चारशे आहे बाई. मी स्वतः मोजलीय. बाहेरच्या कडेनं."

"बाहेरच्या?"

"म्हणजे काय? जागेचा घेर बाहेरूनच घेतात."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चांगला दोन पूल बांधलेला माणूस, आणि यानं धावपट्टी कुंपणासारखी मोजली. "धावपट्टी आतल्या कडेनं मोजतात हो. पळणारी मुलगी तिथून पळते. आतून चारशे भरली नाही तर इथे स्पर्धा होणार नाही. इथली वेळ निवडीला कुणी धरणार नाही."

"मग थोडी मागे वाढवली असती. पण मागे गाळे आलेत."

गाळे अठरा होते, दुकानांचे. ते कुणाच्या मेहुण्याला आणि कुणाच्या जावयाला जायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक नगराध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"गाळे काढा. धावपट्टी साठ मीटरनं कमी आहे."

नगराध्यक्षांनी बिस्कीट संपवलं. "अहो बाई, मुलींना पळायचंच आहे ना? साठ मीटर कमी पळतील. दमणार नाहीत."

शेजारचे चार नगरसेवक हसले. मागच्या रांगेतून निवृत्त पोस्टमास्तर उठले. संकुलाला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. "मी काय सांगत होतो? पांढरा हत्ती आहे हा. आधी पाण्याचे पाइप बदला म्हणावं. बाई, आता बोला आमच्या बाजूनं."

"तुम्ही बसा खाली," बाई म्हणाल्या. "मुली हमरस्त्याच्या कडेनं पळायला लागल्या, तेव्हा शिट्टीनं झोपमोड होते म्हणून अर्ज कुणी दिला होता?"

पोस्टमास्तर बसले. नगराध्यक्षांनी आवाज खाली आणला. "हे बघा, दोन मतांचा खेळ आहे. तुम्हीच विरोधात बोललात तर ठराव पडला. नकाशा बदलायचा तर मंजुऱ्या पहिल्यापासून घ्याव्या लागतील. तोवर निवडणूक येईल. पुढची दहा वर्षं मग नाव काढू नका."

बाईंनी वळून खुर्च्यांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत लॉंड्रीत इस्त्री करणारी एक आई बसली होती. तिच्या थोरलीला मागच्या वर्षी पहाटेच्या सरावात ट्रकचा धक्का लागला होता. ती अजून लंगडत चालते.

आई उठून जवळ आली. "घ्या बाई, देतात ते घ्या. दगडापेक्षा वीट मऊ."

"अगं, ही फसवणूक आहे. इथे पळून मुलींचं पुढे काही होणार नाही."

"नाही तर नाही. धाकटीपण रोज त्याच रस्त्यावर पळते. ट्रकवाला मीटर मोजत नाही."

बाईंना तिचा राग आला. मग तिचा राग आला म्हणून स्वतःचा राग आला. या सगळ्या सभागृहात खरं बोललेलं एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच माघार घ्या म्हणत होतं. पोस्टमास्तरांची मान आशेनं लांब झाली होती. अभियंता नकाशाकडे पाठ करून उभे होते.

मतदानाच्या आधी नगराध्यक्षांनी बाईंचं नाव पुकारलं. बाई माइकसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "माझा पाठिंबा आहे." घरी दहा वेळा वाचून पाहिलेलं भाषण त्यांनी पर्समधून काढलंही नाही. ठराव दोन मतांनी मंजूर झाला आणि टाळ्या पडल्या.

"बघा," नगराध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटी बाईंनाही पटलं."

"पटलं नाही," बाई म्हणाल्या. "नाही म्हणायची ऐपत नाही आमची."

माइक एव्हाना बंद झाला होता. लोक दाराकडे निघाले. सभेचा कारकून इतिवृत्ताची वही घेऊन आला आणि सहीची जागा दाखवली. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'क्रीडाशिक्षिकांनी प्रस्तावास सहर्ष पाठिंबा दिला.'

बाईंनी त्याच्या हातून पेन घेतलं आणि 'सहर्ष' या शब्दावर रेघ मारली. एकदा मारून भागेना, म्हणून आणखी दोनदा मारली.

कारकून कळवळला. "बाई, इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही हो."

"साठ मीटर खाल्लेले चालतात," बाई म्हणाल्या आणि खाली सही केली.