वीस धुण्यांनंतर

वडील तीस वर्षं जाळीच्या स्क्रीनमधून हाताने रंग ओढून टी-शर्ट छापत होते. मुलीने दुकानात हीट प्रेस, म्हणजे तयार चित्र गरम दाबून कापडावर चिकटवणारं मशीन, आणायचं ठरवलं.

"तो नुसता स्टिकर. चार धुण्यांत सोलून निघेल," वडील म्हणाले.

"आणि तुमचा रंग तेवढ्यात विटेल, बाबा."

दुकान एवढंसं, वडिलांचं छपाईचं टेबल आणि मुलीचं मशीन यांतलं एकच मावणार होतं. शेवटी दोघांनी एकेक शर्ट छापून आईच्या हवाली केला. तिने ते वीस वेळा धुवायचे. ज्याचं चित्र टिकेल, त्याचं सामान दुकानात राहील.

महिन्याभराने आईने दोन्ही शर्ट आणून ठेवले. वडिलांनी मुलीच्या चित्राची कड नखाने उचकटून पाहिली, पण ती सुटेना. मुलीने वडिलांचा शर्ट उजेडात धरला. रंग जसाच्या तसा होता.

"काम पक्कं आहे हो तुझं," वडील पुटपुटले.

"तुमचा हात मला कुठे आलाय अजून," ती म्हणाली.

दोघांनी मिळून जुनं कपाट बाहेर काढलं आणि टेबलाशेजारी मशीनसाठी जागा केली. मग वडिलांनी कौतुकाने आईला विचारलं, "साबण कुठला वापरलास गं?"

 

"धुतलेत कुणी? चित्र कुणाचंही गेलं असतं, तरी फुगलेलं तोंड मलाच बघावं लागलं असतं."