पाय घासत

तीन वर्षांपूर्वी कुवेतला जाताना हारिसनं आपली काचेची टाकी अब्बांच्या हवाली केली. आत गोड्या पाण्यातला पाकट मासा, ताटाएवढा. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं, तळाला बारीक वाळूच हवी, कोळंबी सोलून द्यायची. जन्मभर खाडीतल्या पाकटांच्या शेपटीचा काटा मोडून त्यांना टोपलीत टाकणाऱ्या अब्बांनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं होतं.

शुक्रवारी नमाजनंतर व्हिडिओ कॉल आला.

"या ईदला पण रजा न्हाय, अब्बा. पाकट खातो ना नीट?"

"बघ." अब्बांनी टाकीसमोर फरशीवर पाय घासला. वाळूत दडलेला पाकट उठला आणि काचेपाशी आला.

"पाय घासल्यावर येतो?"

"खाडीत आम्ही पाय घासतच चालायचो. वाळू हलली की पाकट दूर पळतो, काटा लागत न्हाय. तीच सवय घरात पण ऱ्हायली. हा मात्र जवळ येतो. कोळंबी मिळते ना."

हारिस हसला. "आम्ही पण पळायचो, अब्बा. ओटीवर तुमचे पाय घासलेले ऐकले की मी नि धाकटी रेहाना मागच्या दारानं बाहेर."

अब्बांनी वाकून मोबाईल फरशीपाशी धरला आणि पुन्हा एकदा पाय घासला.