डाळिंबी फेल्टची रिबन

"घे. जरासाही फरक नाही," म्हणत मनोहररावांनी रिबनीचं भेंडोळं बायकोच्या मांडीवर टाकलं.

हॅटचं फेल्ट होतं डाळिंबी आणि रिबन होती गर्द हिरवी. मीराबाईला वाटलं, नवऱ्याला थट्टेची लहर आली असेल. सदर बाजारातल्या एका दुकानासाठी ती बायकांच्या हॅटना रिबनी लावून द्यायची, आणि या डाळिंबी हॅटनी तिला अगदी जेरीस आणलं होतं. फेल्ट लोकरीचं, ते रंग पिऊन मंद होतं. रिबन साटिनची, ती चमकते. दुकानात गळ्यात गळे घालणारे रंग अंगणातल्या उन्हात आणले की एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसायचे. कितीतरी रिबनी परत करून झाल्या. शेवटी कंटाळून तिने फेल्टचा तुकडा नवऱ्याच्या खिशात घातला आणि त्याला इतवारीच्या बाजारात पिटाळलं होतं.

"अहो, हे हिरवं हाय," ती म्हणाली.

मनोहरराव हसले नाहीत. त्यांनी रिबन खिडकीशी नेली, फेल्टवर धरली, पुन्हा पाहिली आणि खाटेवर बसले. मीराबाईने हातातली हॅट खाली ठेवली. तिचा नवरा सावनेरकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवरच्या आगगाडीचा ड्रायव्हर होता.

"कवापासून?"

"मागच्या सालच्या दुखण्यापासून. त्या गोळ्या खाल्ल्या, तवापासून लाल न् हिरवं सारखंच दिसते." ते तिच्याकडे पाहत नव्हते. "सांगितलं त इंजिनावरून उतरवतील. क्वार्टर जाईल. दिवसा सिग्नलचा हात दिसते, वर हाय का खाली. रात्री नुसता दिवा, पन संगं फायरमन नत्थू हाय ना. मी 'हिरवा' म्हनतो, तो पाहून 'हिरवा' म्हनते, तवाच गाडी पुढं नेतो."

सिग्नल दोघांनीही मोठ्याने सांगायचा, हा नियमच होता. मीराबाईला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. एकीकडे गाडीभर माणसं, दुसरीकडे डोक्यावरचं छप्पर. पण नत्थूचे डोळे धड आहेत म्हटल्यावर कशाला कुणाला सांगायचं? तिने गप्प बसायचं ठरवलं.

संध्याकाळी मनोहरराव रात्रीच्या ड्यूटीसाठी आंघोळीला गेले, तेव्हा ती फडक्यात भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून नत्थूकडे गेली. इंजिनात कोळसा टाकणारा हा फायरमन शेजारच्याच चाळीत राहायचा. तो दारात बसून बूट चढवत होता.

"रात्रीचा सिग्नल नीट पाहत जा गा," ती सहज बोलल्यासारखं बोलली.

नत्थू हसला. "मले कुठं फुरसत हाय, वहिनी? कोळसा टाकू टाकू जीव जाते. भट्टीत पाहिलं का बाहेर सगळा अंधारच दिसते. तुमी काही घोर नका करू. भाऊनं 'हिरवा' म्हटलं का मी मान वर न करता 'हिरवा' म्हनतो. भाऊसारखी नजर कोनाची हाय?"

मीराबाईने भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं.

"नत्थू," ती म्हणाली, "ड्यूटी लावनारे तुमचे फोरमनसाहेब आत्ता कुठं भेटतील गा?"