वर येणारा पाईप

रूपाली टपाच्या कडेवर हातोडीनं ठोकायला लागली, तसं देवळाच्या सभामंडपातलं बोलणं थांबलं. टपात ओली वाळू होती. त्या वाळूत तिनं सगळ्यांसमोर दोन्ही तोंडं बंद केलेला प्लास्टिकचा पाईप पुरला होता. वाळू थरथरली, पातळ झाली, आणि पाईप हळूच वर येऊन तरंगायला लागला.

येळ्ळूरच्या त्या गल्लीत बरेच दिवस नळाला करंगळीएवढं पाणी येत होतं. कुणीतरी मुख्य लाइनीला चोरून पाईप जोडला होता. तो शेजारचा मष्णूच, असं रूपालीचे वडील भावकूआप्पा सगळ्यांना सांगत सुटले होते. मष्णू देवाशप्पथ नाही म्हणत होता, पण ऐकतंय कोण? त्याचा नळ तोडायचं जवळजवळ ठरलं होतं.

रूपाली सिव्हिल इंजिनिअरिंगला होती. आप्पांना पुरावा मिळावा म्हणून तिनंच हा खेळ मांडला होता. नुकताच भूकंपाचा हलका हादरा बसून घरोघरची भांडी वाजली होती. तिनं सांगितलं, की मोठ्या भूकंपात ओली वाळू अशीच पातळ होते आणि पोकळ पाईप हलका असल्यानं वर येतो.

"म्हंजे आता मोठा हादरा बसला, की चोराचा पाईप आपसूक भाईर?" एकानं विचारलं.

"काय सांगता येत न्हाय," रूपाली म्हणाली. येळ्ळूरची माती चिकट, तिथं असलं काही व्हायचं नाही, हे मात्र तिनं पोटातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर गेली. चोर घाबरून पाईपावर वजन टाकणार, याची तिला खात्री होती. पण मष्णूच्या घरामागच्या परड्यात एक दगड हलला नव्हता. तो पायरीवर बसून निवांत चहा पीत होता.

तेवढ्यात तिच्याच घरामागं काहीतरी धप्पकन पडलं.

ती खाली धावली. पेरूच्या बुंध्याशी धोंडे रचलेले होते आणि भावकूआप्पा घामाघूम होऊन वाटणाचा जुना दगडी रगडा तिकडं ढकलत होते. तिला पाहून ते थबकले.

"बघतीस काय गं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हात लाव. मष्णू बघंल."

रूपालीला आधी लाज वाटली, मग हसू आलं. ती कुंपणापाशी गेली.

"मष्णूअण्णा," तिनं हाक मारली, "चहा झाला की जरा हिकडं या. आप्पांना एकट्याला रगडा हलंना झालाय."