गोठ्यावरची कवेलं

जुनं छत उतरवल्याशिवाय दुरुस्तीचं कर्ज मिळणार नाही, असं बँकेनं सांगितलं होतं. म्हणून दारव्ह्यात नुकत्याच घेतलेल्या पडक्या घराच्या छपरावरची मातीची कवेलं रत्नप्रभानं हौसेनं उतरवून घेतली. आता स्लॅबच टाकायचा, मग कवेलं ठेवायची कशाला? शेजारच्या भगवानरावांना तिनं ती गोठ्यासाठी देऊन टाकली. आज बँकेचे साहेब पाहणीला आले. त्यांनी उघड्या भिंतींचा फोटो काढला आणि तिच्या नवऱ्याला विचारलं, “तुम्ही कामाला होता ती जिनिंग मिल बंद झाली म्हणे?” “कापूसच येऊन नाही राह्यला, साहेब,” तो चपलेकडे पाहत म्हणाला. “पगारच नाही, मग कर्ज देऊ कशाच्या भरवशावर?” साहेब गेले. आभाळ भरून आलं होतं. भिंतीपलीकडे गाय निवांत रवंथ करत होती. भगवानराव चारा टाकताना कौतुकानं ओरडले, “वहिनी, तुमची कवेलं लय कामी आली! परवाच्या पावसात गोठ्यात एक थेंबबी गयला नाही.”