कोपऱ्यावरचा हॉर्न

रोज कामावर जायला विजेवरची मोटारसायकल घ्यावी का, हे ठरवायला फोरमननं दुकानातली गाडी घरापर्यंत चालवून पाहिली. त्याची जुनी फटफटी कोपऱ्यावरूनच बोंबलायची. ही मांजराच्या पावलांनी दाराशी आली. आतून हसण्याचा खळखळाट आला. त्यानं खिडकीतून डोकावलं. त्याचाच कोट चढवून लेक कमरेवर हात ठेवून दरडावत होती, "घर आहे की धर्मशाळा?" बायको पोट धरून हसत होती. असं हसताना त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली मुठीत रुतली. दाराकडे गेलेला हात कडीपाशीच अडला. तो गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून हॉर्न वाजवत आला. आता कोट खुंटीवर होता, लेक पुस्तकात, बायको पाणी घेऊन उभी. "घ्यायची का?" तिनं जपून विचारलं. "नको," तो म्हणाला, "हिचा आवाजच येत नाही."