लोणच्याची फोड

कुमुदने भातावर लोणच्याची फोड ठेवली आणि खाटेच्या उशाशी बसवलेल्या सोबतिणीकडे चोरून पाहिलं. कुमुदचा नवरा जनार्दन याच्या मूत्रपिंडांनी हात टेकल्यापासून, गेले आठ महिने, हे यंत्र त्याच्या ताटातलं कणभर जास्त मीठ आणि घोटभर जास्त पाणीसुद्धा हेरून ओरडत आलं होतं. आज ते गप्प होतं.

तिने मुद्दाम पेला काठोकाठ भरला. तरी गप्पच.

कुमुदच्या मनात पाल चुकचुकली. "बिघडलीस की काय गं?" तिने हळूच विचारलं.

"नाही, वहिनी," सोबतीण तितक्याच हळू म्हणाली. "तुम्ही जेवलात का? दोन घास खाऊन घ्या. आणि लेकीला आजच बोलावून घ्या."

आठ महिन्यांत सोबतिणीने कुमुदच्या जेवणाची एकदाही चौकशी केली नव्हती. तिने खाटेची कड घट्ट धरली.

"काय गं," जनार्दनने डोळे बारीक करत विचारलं, "आज ही बया ओरडली कशी नाही?"

कुमुद यंत्राशी वाकली. "ओरड," ती कुजबुजली.

"वहिनी! काय हे, किती मीठ!" सोबतीण खेकसली.

जनार्दन खुदकन हसला आणि त्याने आणखी एक फोड मागितली.